शेमापासून मिश्नापर्यंत : यहूदी धर्मग्रंथांच्या अध्ययनाचा मराठी आरंभ

यहूदी धर्मग्रंथांचे अध्ययन मराठी विद्यार्थ्याने कोठून आरंभावे, हा प्रश्न वरवर पाहता आडवळणाचा वाटेल. शहापूर व मुरबाड या तालुक्यांतून भाषाशास्त्राकडे वळणारा विद्यार्थी संस्कृत, पाली, फार तर फारसी यांचा विचार करतो. हिब्रूचे नाव निघाले की ही दूरदेशची विद्या आहे, तिच्यासाठी परदेशी ग्रंथालये धुंडाळावी लागतील, अशी त्याची समजूत असते. ती समजूत निराधार आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा एक हेतू. दुसरा हेतू अधिक व्यावहारिक आहे. या अध्ययनाची एक वाट मराठी भाषेतून पूर्वीच पाडली गेली आहे. ती कोणी व कशी पाडली हे ध्यानी घेतले असता नवख्याने कोणत्या क्रमाने जावे हेही आपोआप कळते.

ती वाट पाडणारे लोक म्हणजे कोकणातील बेने इस्रायल. अलिबागजवळ नवगाव येथे गलबत फुटून सात जोडपी किनाऱ्यास लागली व त्यांपासून ही जमात वाढली, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. कथेचा काळ ठरविण्याच्या भरीस येथे पडण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, कित्येक शतके या लोकांपाशी ग्रंथ नव्हता. ते तेलाचे घाणे चालवीत, शनिवारी घाणा बंद ठेवीत, आणि म्हणून गावकरी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. मुलाची सुंता आठव्या दिवशी होई. पर व खवले नसलेली मासळी ते खात नसत. आणि त्यांस एक प्रार्थना पाठ होती. तिचे नाव ‘शेमा’, म्हणजे ‘ऐक’. ईश्वराचे एकत्व सांगणारे हे वचन तोराच्या पाचव्या ग्रंथात येते. मंगल प्रसंगी, अमंगल प्रसंगी, संस्काराच्या वेळी तेच म्हणावयाचे. लिपी विसरली गेली, पोथी हरवली, भाषा मराठी झाली. एक वचन मात्र उरले.

ग्रंथाविना धर्म कसा टिकतो याचा पुरावा त्यांच्या सणांच्या नावांत जसा सापडतो तसा इतरत्र क्वचितच सापडेल. यहूदी वर्षारंभ हा त्यांचा ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताचा दिवस, ज्यास हिब्रूत ‘योम किप्पूर’ म्हणतात, तो ‘दारफाळणीचा सण’, कारण त्या दिवशी दारे लावून घरात उपोषण करावयाचे. त्याच्या दुसऱ्या दिवशीचा ‘शिळा सण’. एक ‘खिरीचा सण’. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा जो शोकदिन, त्याचे नाव ‘बिरड्याचा रोजा’, कारण त्या सुमारास वालाचे बिरडे खाण्याची चाल होती. भात कापल्यावर शेतात वाल पेरणाऱ्या आपल्या भागातील वाचकास हे नाव समजावून सांगण्याची गरज नाही. भाषाशास्त्रज्ञाने येथे क्षणभर थांबावे. ‘सण’ हा मराठी शब्द. ‘रोजा’ हा फारसी. धर्मकार्य चालविणाऱ्यास ‘काजी’ म्हणत, तो अरबी. हिब्रू संज्ञा मागाहून, ग्रंथ परत आल्यावर, आल्या. एकाच जमातीच्या बोलीत हे थर भूगर्भातील थरांप्रमाणे एकावर एक बसलेले दिसतात.

ग्रंथ परत कसे आले याची पहिली आठवण दावीद राहाबी या नावाशी निगडित आहे. बाहेरून आलेल्या या यहूदी गृहस्थाने त्यांच्या स्त्रियांपुढे निरनिराळी मासळी ठेवून परीक्षा पाहिली, त्यांनी निषिद्ध मासळी वेगळी काढली तेव्हा त्यांस ओळखले, आणि तीन घराण्यांतील तरुणांस शिक्षण देऊन काजी केले, अशी ही परंपरा आहे. राहाबी कोणत्या शतकातला, याविषयी अभ्यासकांत मोठा मतभेद आहे. त्या तीन घराण्यांची नावे झिराडकर, राजपूरकर व शापूरकर अशी दिली जातात. शेवटचे नाव वाचून शहापूर तालुक्यातील विद्यार्थ्याचे कान टवकारणे साहजिक आहे. पण घाई करू नये. झिराड हे गाव अलिबाग तालुक्यात आहे, राजपुरी मुरूडजवळ आहे, आणि अलिबाग तालुक्यातही एक शहापूर आहेच. तेव्हा हे आडनाव त्या किनाऱ्यावरील शहापुरावरून आले असण्याचाच संभव अधिक, असे मला वाटते. आडनावांवरून स्थलांतराचा इतिहास काढताना नामसाम्यावर विसंबणे किती धोक्याचे असते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

खात्रीचा इतिहास 18व्या शतकाच्या अखेरीपासून सुरू होतो. 1796 साली सामाजी हसाजी दिवेकर (हिब्रू नाव शमुवेल यहेज्केल) यांनी मुंबईत बेने इस्रायलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. ‘शाआर हारहामीम’, म्हणजे दयेचे द्वार, हे त्याचे नाव. 19व्या शतकात कोचीनहून आलेल्या यहूदी शिक्षकांनी हिब्रू प्रार्थना व विधी शिकविले. त्याच सुमारास ख्रिस्ती मिशनऱ्यांनीही या जमातीत शाळा घातल्या. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी 1832 साली मराठीतून हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे छापली. विल्सनसाहेबांचा उद्देश उघड होता. पण धर्मांतर थोड्यांनीच केले. हिब्रूचे ज्ञान मात्र जमातीने उचलले आणि आपल्याच धर्माच्या दृढीकरणासाठी वापरले. मिशनऱ्यांच्या खटाटोपाची अशी उलटी फळे महाराष्ट्रात इतरत्रही आलेली आहेत.

यापुढची पन्नास-साठ वर्षे म्हणजे मराठीतून यहूदी ग्रंथ उभे राहण्याचा काळ होय. वल्हांडण सणाच्या रात्री घरोघर वाचावयाचा जो ‘हगादा’ नावाचा ग्रंथ, तो 1846 साली मुंबईत मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाला. 1874 साली पुण्यास छापलेल्या हगादात तर चित्रे आहेत, आणि त्यांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया साड्या नेसून बसलेल्या आहेत. जोसेफ यहेज्केल राजपूरकर (1834–1905) यांनी प्रार्थनासंग्रह व इतर हिब्रू ग्रंथ मिळून वीसांहून अधिक भाषांतरे केली. ते मुंबईतील डेव्हिड ससून संस्थेच्या शाळेचे मुख्याध्यापक व मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते. हाईम शमुवेल केहिमकर यांनी 1875 मध्ये मुंबईत इस्रायली शाळा स्थापण्यात पुढाकार घेतला. 1897 मध्ये लिहून झालेला त्यांचा जमातीचा इतिहास 1937 साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. 1880 च्या सुमारास अब्राहाम, योसेफ इत्यादींच्या चरित्रांवर मराठी कीर्तने रचली जाऊ लागली. पूर्वरंग-उत्तररंगाच्या घाटात बसविलेला योसेफ हा आपल्या कीर्तनपरंपरेचाही एक अलक्षित अध्याय आहे.

या सर्व हकिगतीत एक क्रम आहे. आधी पाठ असलेले एक वचन, मग प्रार्थना व सणांचे विधी, मग मूळ संहिता, शेवटी शास्त्रचर्चा. भाषांतरकारांनीही प्रथम प्रार्थनाग्रंथ व हगादा घेतले, तालमूद नव्हे. हा क्रम गरजेतून निर्माण झाला, आणि म्हणूनच तो नवशिक्याच्या हिताचा आहे. कुतूहलाने या विषयाकडे येणारे बहुतेक वाचक याच्या नेमके उलट करतात. तालमूदाची कीर्ती ऐकून ते त्याच्या एखाद्या इंग्रजी खंडात शिरतात आणि दहाव्या पानावर वाट चुकतात; किंवा मराठी बायबलातील ‘जुना करार’ कादंबरीसारखा पहिल्या पानापासून वाचू लागतात आणि लेवीयांच्या होमबलींपाशी थकून थांबतात.

‘जुना करार’ या नावापाशीच सावध झाले पाहिजे. तो करार जुना ठरतो तो ख्रिस्ती दृष्टीने. यहूदी लोक आपल्या संहितेस ‘तनाख’ म्हणतात. हा शब्द तोरा, नेवीईम (प्रेषितांचे ग्रंथ) व केतुवीम (इतर लेख) या तीन विभागांच्या आद्याक्षरांवरून बनला आहे. ग्रंथ तेच, पण मांडणी निराळी. मराठी बायबलात हा भाग मलाखी या प्रेषिताच्या ग्रंथाने संपतो व पुढील करारासाठी दार उघडे ठेवतो. तनाख इतिहासाच्या ग्रंथांनी, यरुशलेमास परत जाण्याच्या अनुज्ञेवर संपतो. ग्रंथांची नावेही पाहावीत. मराठीत उत्पत्ति, निर्गम, लेवीय, गणना, अनुवाद अशी विषयदर्शक नावे आहेत. हिब्रूत बेरेशीत, शेमोत, वायिक्रा, बमिदबार, देवारीम ही प्रत्येक ग्रंथाच्या आरंभीच्या शब्दांवरून पडलेली. ईश व केन ही उपनिषदांची नावे ज्या रीतीने पडली तीच ही रीत. आणि ‘तोरा’ या शब्दाचा अर्थ मराठी बायबलात ‘नियमशास्त्र’ असा केला असला, तरी त्याचा धातू दिशा दाखविणे, शिकविणे या अर्थाचा आहे. ‘शिकवण’ हा साधा शब्द मला अधिक जवळचा वाटतो. त्यात कथाही बसतात आणि नियमही.

तोरा यहूदी लोक वाचतात ती सप्ताहाच्या हिशेबाने. तिचे 54 भाग पाडलेले आहेत. दर शब्बाथी नेमलेला भाग प्रार्थनामंदिरात गुंडाळीवरून वाचला जातो, आणि वर्षाअखेर शेवटचा भाग संपताच त्याच दिवशी पहिला पुन्हा सुरू होतो. ज्ञानेश्वरीचे पारायण ज्याच्या गावात दरवर्षी होते त्यास ही कल्पना परकी नाही; येथे फक्त समाप्तीचा नारळ फुटत नाही, इतकेच. नवख्याने याच वेळापत्रकास चिकटावे. आठवड्यास एक भाग. मराठी भाषांतर समोर आणि हिब्रूचे दोन-चार शब्द वहीत. मराठी भाषांतरांपैकी पंडिता रमाबाईंचे, त्यांच्या मृत्यूनंतर 1924 साली प्रसिद्ध झालेले, अवश्य पाहावे. रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि साध्या स्त्रियांस कळेल अशा मराठीत मुळावरून संपूर्ण बायबल उतरविले. दृष्टी अर्थातच ख्रिस्ती आहे. पण संस्कृतज्ञ मराठी लेखणी हिब्रूशी प्रत्यक्ष झुंजते आहे असे दृश्य आणखी कोठे पाहावयास मिळणार?

हिब्रू भाषेची भीती बाळगण्याचे कारण नाही, हे आता थोडे विस्ताराने सांगतो. अक्षरे बावीस, सर्व व्यंजने, लेखन उजवीकडून डावीकडे. तोराच्या गुंडाळीत स्वरचिन्हे नसतात. वाचकाने स्वर आठवणीने घालावयाचे. ज्याने मोडी दप्तरे वाचली आहेत त्यास हा अनुभव आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही, शब्दही सलग लिहिलेले. गावांची व माणसांची नावे आधी ठाऊक असतील तरच कागद बोलतो. उच्चारांतही मराठी भाषकास एक मोठी सोय आहे. ‘त्सादे’ या हिब्रू अक्षराचा आज रूढ असलेला उच्चार इंग्रजी शिकलेल्यास शब्दारंभी अवघड जातो. आपण तो ‘चमचा’ म्हणताना रोज करतो. अडचण येते ती कंठात खोल उच्चारावयाच्या ‘हेत’ व ‘आयिन’ या वर्णांची. त्यांसाठी देवनागरीत चिन्ह नाही, आणि म्हणून देवनागरीत लिहिलेल्या हिब्रूवर फार काळ विसंबू नये.

दुसरी सोय शब्दसंग्रहाची. हिब्रूतील बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवरून होतात. क-त-ब म्हणजे लिहिणे. त्यावरून ‘केतुवीम’ म्हणजे लेख, ‘मिख्ताव’ म्हणजे पत्र, ‘केतुबा’ म्हणजे विवाहलेख. अरबी ही हिब्रूची भगिनीभाषा, आणि अरबी शब्द फारसीच्या द्वारे मराठीत शेकड्यांनी आलेले आहेत. किताब आणि मकतब हे त्याच धातूचे. आपला ‘सलाम’ व त्यांचा ‘शालोम’, आपला ‘हिशेब’ व त्यांचा ‘हेश्बोन’, आपले ‘मालक’ व ‘मुलूख’ आणि त्यांचा ‘मेलेख’ म्हणजे राजा, आपली ‘कुर्बानी’ व त्यांचे ‘कोर्बान’, ‘कबर’ आणि ‘केवेर’, ही सगळी सख्खी चुलत भावंडे. ‘जिल्हा’ हा शब्द ज्या अरबी शब्दावरून आला त्याचा अर्थ बरगडी, बाजू. त्याचाच हिब्रू भाऊ ‘त्सेला’, आणि आदामाच्या ज्या बरगडीपासून स्त्री निर्माण झाली ती हीच त्सेला. ‘तालुका’ ज्या धातूवरून निघाला त्याचा अर्थ चिकटून असणे; त्याच कुळातली हिब्रू ‘अलूका’ म्हणजे जळू, जी नीतिसूत्रांच्या ग्रंथात येते. म्हणजे मुरबाड तालुका, ठाणे जिल्हा एवढा पत्ता लिहिताना आपला विद्यार्थी दोन सेमिटिक धातू वापरीत असतो.

संहितेच्या रक्षणाचा भाग वैदिक परंपरा जाणणाऱ्यास विशेष रोचक वाटेल. ‘मसोरा’ म्हणजे परंपरा. तिचे रक्षक जे मसोरी पंडित, त्यांपैकी तिबेरिया येथील पंडितांनी स्वरचिन्हे व पठणाच्या सुरावटीची चिन्हे घातली, दुर्मिळ रूपांच्या नोंदी केल्या, शब्द मोजले. तोराची परंपरागत अक्षरसंख्या 3,04,805 मानतात. पदपाठ व अनुक्रमणी यांची येथे आठवण व्हावी. आपल्याकडे कंठ हा प्रमाण, त्यांच्याकडे लेख. तरी काही ठिकाणी लिहिलेले एक आणि वाचावयाचे दुसरे असते. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ईश्वराचे चतुरक्षरी नाव. ते लिहितात, पण उच्चारीत नाहीत. त्याच्या जागी ‘अदोनाय’, म्हणजे माझा प्रभू, असे वाचतात. पतीचे नाव न घेता ‘घरधनी’ म्हणणाऱ्या आपल्या आज्यांस हा संकोच सहज कळला असता.

आता मिश्नाकडे. हा मौखिक शास्त्राचा संग्रह रब्बी येहूदा हानासी यांनी इसवी सन 200 च्या सुमारास सिद्ध केला. त्याचे सहा विभाग व 63 प्रकरणग्रंथ आहेत. पहिल्या विभागाचे नाव ‘जेराईम’, म्हणजे बी-बियाणे. त्यातील पहिला ग्रंथ ‘बेराखोत’, आशीर्वचनांचा. आणि त्याचा पहिलाच प्रश्न आहे : संध्याकाळी शेमा केव्हापासून म्हणावा? बेने इस्रायलांनी ग्रंथाविना जे एक वचन जपले, त्याच वचनापासून यहूदी शास्त्रचर्चेस प्रारंभ होतो. मात्र त्या प्रश्नाचे उत्तर पुरोहितांच्या भोजनाच्या वेळेवरून दिले आहे; ती वेळ कळण्यास शुद्धाशुद्धाचे नियम ठाऊक हवेत, ते तोरात आहेत, आणि मिश्ना ते सांगत बसत नाही. तोरा व प्रार्थना आधी का, याचे कारण हेच.

शेतकरी घरातील विद्यार्थ्याने त्याच विभागातील ‘पेआ’ हा ग्रंथ लवकर हाती घ्यावा. पेआ म्हणजे शेताचा कोपरा. कापणी करताना तो गरिबांसाठी उभा ठेवावा, आणि खाली पडलेले वेचू नये, असे तोरा सांगते; मिश्ना विचारते, कोपरा केवढा? साठाव्या भागाहून कमी नसावा, असे उत्तर येते, आणि मग शेताचा आकार, गरिबांची संख्या, ओढ्याने दुभंगलेले शेत एक मानावे की दोन, अशी चर्चा रंगते. आपल्याकडे कापणीनंतर शेतात राहिलेल्या कणसांस ‘सरवा’ म्हणतात व तो वेचणारी माणसेही आपण पाहिलेली आहेत. रूथच्या ग्रंथातील नायिका सरवाच वेचते. ज्या भाषांतरकारास हा शब्द ठाऊक नसेल त्यास येथे चार शब्द खर्चावे लागतील.

मिश्नावरील चर्चेस ‘गेमारा’ म्हणतात. मिश्ना व गेमारा मिळून तालमूद. छापील बाबिलोनी तालमूदाच्या पानात मध्ये मूळ, एका बाजूस राशी (1040–1105) यांची टीका, दुसऱ्या बाजूस त्यांच्या नंतरच्या पंडितांच्या ‘तोसाफोत’ नावाच्या टिपा. सूत्र, भाष्य, टीका हा क्रम आपल्यास परिचित आहे; फरक असा की, येथे सिद्धान्तापेक्षा वादास अधिक मान आहे आणि हरलेला पक्षही जपून ठेवला जातो. समग्र तालमूद मराठीत आलेला नाही. तो एकट्याने वाचावयाचाही नाही; दोघांनी समोरासमोर बसून मोठ्याने वाचावा व भांडावे अशी पद्धत आहे. तीस ‘हव्रुता’ म्हणतात. ‘हावेर’ म्हणजे मित्र.

हा सर्व पंडिती खेळ आहे असे कोणास वाटल्यास 1962 सालची घटना आठवावी. इस्रायलच्या स्थापनेनंतर तेथे गेलेल्या बेने इस्रायलांच्या विवाहांबाबत मुख्य रब्बीपीठाने पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश काढले. शंका अशी की, शतकानुशतके ग्रंथ नसताना या लोकांत घटस्फोटाचे व विधवेच्या दिराशी विवाहाचे नियम शास्त्रानुसार पाळले गेले असतील काय? ज्या जमातीने एका वचनावर इतका काळ काढला, तिला ग्रंथ नव्हता म्हणून जाब विचारला गेला. मोठे आंदोलन झाले, आणि 1964 मध्ये बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहूदी आहेत असे इस्रायलने जाहीर केले. मिश्नातील दोन प्रकरणांचा अर्थ कसा लावावा यावर हजारो मराठी बोलणाऱ्या कुटुंबांची लग्ने अवलंबून होती.

जमातीतील बहुसंख्य लोक आता इस्रायलात आहेत, आणि तिकडे गेलेल्या घरांतील जुनी मराठी प्रार्थनापुस्तके वाचणारे दर पिढीस कमी होत आहेत. राजपूरकरांनी हिब्रू संज्ञांस कोणते मराठी प्रतिशब्द योजले, कोठे संस्कृत घेतले, कोठे फारसी, कोठे हिब्रू तसेच ठेवले, याचा कोश करण्याजोगा आहे. ते काम भाषाशास्त्राचे आहे व मराठी येणाऱ्यानेच करावयाचे आहे. आसनगावास गाडीत बसून ठाण्यास उतरले की 1879 साली स्थापन झालेले ‘शाआर हाशामायीम’, स्वर्गाचे द्वार, हे प्रार्थनामंदिर आहे. मुरबाडहून कल्याणमार्गे जावे. तेथे जाण्यापूर्वी परवानगी विचारावी, डोके झाकावे, आणि शब्बाथी वही-पेन्सिल बाहेर काढू नये, कारण लिहिणे हे त्या दिवशी वर्ज्य आहे. हिब्रू संहिता व टीका आता सेफारियासारख्या संग्रहांतून संगणकावर विनामूल्य वाचता येतात, त्यामुळे ग्रंथ मिळत नाहीत ही सबब उरलेली नाही.

पहिल्या दिवसाचा पाठ म्हणून अनुवादाच्या सहाव्या अध्यायातील चौथे वचन हिब्रूत काढावे. शेमा तो हाच. गुंडाळीत या वचनातील दोन अक्षरे मुद्दाम मोठी लिहितात : पहिल्या शब्दाचे अखेरचे ‘आयिन’ आणि शेवटच्या शब्दाचे अखेरचे ‘दालेत’. शेवटचा शब्द ‘एहाद’, म्हणजे एक. दालेत व ‘रेश’ ही अक्षरे आपल्या घ-ध सारखी एकमेकांशी फार मिळतीजुळती आहेत. कोपरा किंचित गोल झाला की दालेतचा रेश होतो आणि ‘एहाद’चा ‘अहेर’, म्हणजे दुसरा. लेखनिकाचा हात तेथे चुकू नये म्हणून ते अक्षर मोठे लिहितात, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. दालेत-रेश, हे-हेत, बेत-काफ या तीन जोड्या वहीत शेजारी शेजारी वीस-वीस वेळा काढाव्यात. पुढच्या आठवड्यास उत्पत्तीचा पहिला भाग सुरू करण्यास एवढी तयारी पुरे.